नव्वद कोयत्यांच्या गावची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे हो, पत्र्याची! चार फूट रुंद, तीन फूट उंच, चारी बाजूंनी लोखंडी पट्टी ठोकलेली. कुसळवाडीचे लोक मला 'बोर्ड' म्हणतात. "तो बोर्ड बग, वाकडा झालाय," असं म्हणून मला खुशाल पुल्लिंगी करून टाकतात. वर्षभर मी ऐकून घेतलं. आज मात्र बोलणार आहे, कारण माझ्यावर लिहिलंय एक आणि घडलंय भलतंच.

माझा जन्म गेवराईचा. हमरस्त्यावर वैजिनाथआप्पांचं किराणा दुकान होतं, त्याच्या दारावर मी होते. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं आणि मधोमध महादेवाची पिंड. आप्पा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्या पिंडीला हात जोडायचे, म्हणजे पर्यायानं मलाच. त्यामुळे माझं डोकं लहानपणापासून जरा चढलेलं आहे, हे मी आधीच कबूल करते.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल आलं. देशाची दारं उघडली म्हणे. गेवराईत काय उघडलं ते मला विचारा. थंड पेयाच्या बाटल्या! कंपनीचा माणूस आला आणि आप्पांच्या मुलाला म्हणाला, "आमची पाटी लावा. फुकट देतो. आतून दिवा लागतो." फुकट म्हटल्यावर काय विचारता! नव्या पाटीवर बाटली ही एवढी मोठी आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात एवढुसं. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आले आणि सवयीनं त्या बाटलीलाच हात जोडून आत गेले. माझा जीव असा चरफडला म्हणून सांगू!

तिथून मी भंगारात आणि भंगारातून बीडला, मुंजाजी पेंटरच्या दुकानात आले. मुंजाजीनं मला घासून घासून कोरी केली आणि भिंतीला उभी करून ठेवली. सहा महिने मी तशीच. निवडणुकीत एक-दोन उमेदवार येऊन बघून गेले, पण माझं काही जमलं नाही.

चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात एक बाई जीपमधून उतरल्या. खादीचा झब्बा, खांद्यावर झोळी, हातात फायली. नाव रुद्राणी मॅडम. आजोळ लातूरकडचं, पण वाढलेल्या पुण्यात. दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेचं त्या काम करत होत्या. त्यांनी मुंजाजीपुढे कागद धरला. त्यावर लिहिलं होतं, 'नियोजित राष्ट्रीय शाश्वत विकास शिक्षण व सहयोग केंद्र, कुसळवाडी.'

मुंजाजीनं कागद जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. "मॅडम, एवढी जोडाक्षरं? ब्रश मोडायचा माझा. आन हे शाश्वत म्हंजी काय ओ?"

"आपण माती, पाणी असं वापरायचं की ते पुढच्या पिढ्यांनाही पुरलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "देशभरातून लोक इथे येतील. शेतकऱ्यांकडून शिकतील, त्यांना शिकवतील. सगळ्यांनी मिळून करायचं."

"म्हंजी काटकसर. मग तसं लिवू का? सोपं जाईल."

"नाही हो, शाश्वतच लिहा!"

लिहिलं एकदाचं. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. 'राष्ट्रीय' इतकं ऐसपैस काढलं की शेवटी 'कुसळवाडी'ला जागाच उरली नाही. मग ते खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात बसवलं. पण मला काय त्याचं! मी राष्ट्रीय झाले होते. जीपमध्ये आडवी पडून मी नेकनूरच्या पलीकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या सगळ्या गुटख्याच्या पाट्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही.

कुसळवाडी म्हणजे माळावरचं गाव. कुसळं भरपूर, पाणी बेताचं. गावच्या गायरानात दोन खांब रोवून मला उभं केलं आणि सरपंच बंकटरावांनी नारळ फोडला. अख्खं गाव जमलं होतं. सगळ्यांनी मला वाचायचा प्रयत्न केला. 'नियोजित'पाशीच गाडी अडली.

"नियोजित म्हंजी?" कुणीतरी विचारलं.

गावचा कोतवाल सिदू पुढे झाला. हा गडी साक्षर होता आणि तोंडाळही. "नियोजित म्हंजी ठरलेलं, पर झालेलं न्हाई. माझ्या लग्नावानी. तीन वर्षं झाली, पोरगी ठरलेली हाय, तारीख न्हाई."

सगळे खो खो हसले. मला राग आला. पण खरं सांगते, शब्दाचा इतका नेमका अर्थ मला तोवर कुणी सांगितला नव्हता.

हसण्यात एक बाई सामील नव्हती. ती सावित्रीबाई. पस्तिशीची, उन्हानं रापलेली, डोक्यावरचा पदर दातात धरून उभी. तिनं मॅडमना थेट विचारलं, "बाई, ह्या तुमच्या केंद्रात लेकरं ऱ्हातील का?"

"हो, आराखड्यात वसतिगृह आहे. तीस मुलांचं," मॅडम म्हणाल्या.

"आन त्यांच्या भाकरी?"

"गावातलीच माणसं करतील."

"मंग मी करते," सावित्रीबाई म्हणाली. शेजारी तिची मुलगी करिष्मा उभी होती, सातवीतली. तिनं आईचा हात असा घट्ट धरला की मला वरून दिसला.

का धरला ते मला पुढे कळलं. या गावातली बहुतेक घरं दसरा झाला की ऊस तोडायला जातात, ती थेट गुढीपाडव्याला परततात. करिष्माचं पुस्तक दरवर्षी दसऱ्याला मिटायचं. तिकडे उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ती धाकट्या भावाला सांभाळायची, पाणी भरायची. इकडे हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागायची. तिसरी तिनं दोनदा केली, पाचवी दोनदा केली. या वर्षी सातवी होती. या वर्षी पोरगी परीक्षेला बसणार की पुन्हा कोपीत बसणार, एवढाच सावित्रीबाईचा प्रश्न होता.

आता मॅडमचं सर्वेक्षण ऐका. माझ्याच सावलीत चटई टाकून झालं, म्हणून मला शब्द न् शब्द ठाऊक आहे. मॅडमजवळ छापील तक्ता होता. माणसं, जनावरं, अवजारं, विहिरी, झाडं. समोर सिदू कोतवाल.

"वर्षभर गावात राहणारी माणसं किती?"

"वर्सभर? वर्सभर म्हणलं तर शंभर-सव्वाशे. म्हातारीकोतारी, दुकानवाला, मी."

"आणि?"

"आन नव्वद कोयते. ते दसऱ्याला भाईर जातेत."

मॅडमचे डोळे चमकले. "दरवर्षी जातात? नव्वदच्या नव्वद?"

"हां मंग. लई मागणी हाय. आपल्या बीडच्या कोयत्याला तिकडं तोड न्हाई. पार कर्नाटकापर्यंत जातेत."

मॅडमनी भराभरा लिहून घेतलं. माणसं : सव्वाशे. अवजारं : नव्वद कोयते, दर दसऱ्याला विक्रीसाठी परप्रांतात. शेरा : लोहारकामाची उत्तम परंपरा, गृहउद्योगास मोठा वाव.

अगं बाई! मी वरून बघतेय आणि माझ्या खिळ्याखिळ्याला घाम फुटतोय. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीला नेते, दोघं मिळून एक कोयता. हे बीड जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सिदूला वाटलं मॅडमना ठाऊक असणारच. मॅडमना वाटलं सिदू कोयत्यांबद्दलच बोलतोय. आणि मला तोंड नाही. माझ्यावर एवढी अक्षरं, पण त्यातलं एकही त्या दिवशी कामाला आलं नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी गायरानात ट्रक लागले. भांडी, पेट्या, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढलं. सावित्रीबाई चढली नाही. नवरा शहादेव खाली उतरून माझ्यापाशी आला.

"चल की. कावून उबी ऱ्हायलीस?"

"मी न्हाई येत औंदा. पोरगी सातवीला हाय. आन हितं केंद्र व्हनार हाय, मला काम भेटतंय."

"कुटं हाय केंद्र? हा नुस्ता बोर्ड हाय."

"बोर्ड लावलाय म्हंजी व्हनारच की. एवढी जीप घेऊन बाई आलती, ती काय खोटी?"

शहादेवनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "बरं. मी जातो अर्धा कोयता म्हनून," एवढंच बोलला आणि ट्रकवर चढला. एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता म्हणतात. त्याला जोडी नसते, तोडायचंही त्यानंच आणि बांधून वाहायचंही त्यानंच. हे सगळं तो माझ्या भरवशावर करायला निघाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या अंगावरचा रंग जड वाटला.

पौषात दिल्लीची समिती आली. तीन जीपा, पाच साहेब, आणि मॅडमच्या हातात कॉम्प्युटरवर छापलेला जाडजूड अहवाल. मोठे साहेब उतरले आणि चहूकडे बघत राहिले. गावात चिटपाखरू नाही. दारांना कुलपं, पारावर सात म्हातारे, आणि सरपंचांच्या शेजारी हार घेऊन सिदू.

"गाँव के लोग कहाँ हैं?" साहेबांनी विचारलं.

"पाडव्यातक आ जाते, साब," सिदू आपल्या दख्खनी हिंदीत सुरू झाला.

"रेल्वे स्टेशन कितनी दूर है?"

"आनेवाली है, साब. नियोजित है."

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण सिदू मनापासून बोलत होता. मग साहेबांनी अहवाल उघडला. "यहाँ लिखा है, नब्बे कोयते. वो उद्योग दिखाओ."

"वो तो कारखाने पर गये ना, साब."

"सब के सब? नमूने के लिये एक भी नहीं रखा?"

सिदूनं डोकं खाजवलं. "आधा है, साब."

"आधा? टूटा हुआ?"

सावित्रीबाई पाहुण्यांसाठी भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती पुढे आली. "तुटलेला कावून आसंल, साहेब? धडधाकट हाय. मी हाय अर्धा कोयता."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग अहवालाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"नवरा-बायकू मिळून एक कोयता व्हतो, बाई," सावित्रीबाई त्यांना समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. "नव्वद कोयते म्हंजी नव्वद जोड्या. लेकरं त्यात धरत न्हाईत. लेकरं कशातच धरत न्हाईत, ना कारखान्यावर ना शाळेत. म्हनून तर मी तुमाला इचारलं व्हतं, लेकरं ऱ्हातील का म्हनून."

रुद्राणी मॅडम तिथेच मातीत बसल्या. पेन काढून अवजारांच्या रकान्यावर काट मारली. इतक्या जोरात मारली की कागद फाटला. "सर, ही माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "एकशे ऐंशी माणसं आणि त्यांची मुलं. मी त्यांना अवजारांत लिहिलंय. चूक माझी आहे. केंद्र हवं तर ते यांच्यासाठीच हवं."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतला. पण हात धुता धुता म्हणाले, "मॅडम, जहाँ लोग ही नहीं रहते, वहाँ सहयोग किससे करेंगे?"

"पाडव्याला या ना, साहेब," सावित्रीबाई म्हणाली. "समदे असत्यात. तवा बगा."

समितीची बैठक त्याआधीच होती. तारीख ठरलेली होती.

फाल्गुनात मॅडम एकट्याच एस.टी.नं आल्या. केंद्र दुसरीकडे गेलं होतं, रेल्वे आणि विमानतळ असलेल्या एका शहराजवळ. त्या सावित्रीबाईला माझ्यापाशीच भेटल्या आणि सगळं खरं सांगितलं.

सावित्रीबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझा हंगाम गेला, बाई," ती म्हणाली. "मालक तिकडं एकटे मरमर मरायलेत. मी ह्या बोर्डावर इसवास ठेवला."

मला लाज वाटली. पत्र्याला लाज वाटते का, असं विचाराल. वाटते. मी खोटं बोलले नव्हते, पण माझ्याकडे बघून एक बाई घरी थांबली होती, आणि मी नुसती राष्ट्रीय म्हणून ताठ उभी होते. आठ दिवसांनी वावटळ आली. माझा एक खांब उखडला आणि मी तोंडावर पडले. उठवायला कुणी आलं नाही आणि मीही कुणाला हाक मारली नाही.

पाडव्याला ट्रक परतले. शहादेव उतरला तो वाकूनच. मान आणि खांदा एकच झालेले. गावातल्या लोकांनी सावित्रीबाईची थट्टा केली. "काय गं, कुटं गेलं तुजं राष्ट्रीय?" मे महिन्यात करिष्मा सातवी पास झाली, पहिल्या झटक्यात. तो निकाल तिनं गायरानातच बापाला सांगितला. तो तेव्हा माझ्यावरच बसला होता. "मंग आता आठवी," तो म्हणाला, आणि कंबर धरून उठला.

ही बातमी टोळीतल्या बायकांत फिरली. टोळीतली कावेरी सावित्रीबाईला म्हणाली, "तू ह्या साली थांबतीस का? थांबतीस तर माजी दोन ठेवून घे. ज्वारी मी देते." मग आणखी एक आली, आणखी एक आली. दसऱ्यापर्यंत सतरा लेकरं झाली. ना सर्वेक्षण, ना तक्ता, ना कुणी दिल्लीला विचारलं. बंकटरावांनी ग्रामपंचायतीची खत ठेवायची खोली रिकामी करून दिली. रुद्राणी मॅडमनी पुण्याहून वह्या आणि सतरा गोधड्या पाठवल्या. खोलीच्या खिडकीला झडप नव्हती. सिदूनं मला गायरानातून उचललं, माती झटकली आणि खिडकीला बिजागरी लावून बसवलं. अक्षरं आतल्या बाजूला.

पण सगळं अडलं होतं एका गोष्टीवर. शहादेव दुसऱ्या वर्षी अर्धा कोयता म्हणून गेला तर मोडून पडला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात मजूर नेणाऱ्या मुकादमानं निरोप पाठवला होता की औंदा अर्धा कोयता घेत नाही, येणार असाल तर जोडीनं या. म्हणजे सावित्रीबाईला जावं लागणार. मग या सतरांना कोण बघणार?

ही चार दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. खोलीसमोर ट्रक उभे होते, मी खिडकीत उघडी होते, त्यामुळे सगळं पाहिलं. मुकादम हातात यादी घेऊन नावं पुकारत होता. सावित्रीबाई खोलीच्या दारात उभी. तिनं गाठोडं बांधून पायाशी ठेवलं होतं. करिष्मा त्या गाठोड्याकडेच बघत होती.

"शहादेव!" मुकादम ओरडला. "अर्धा का पुरा? अर्धा आसशील तर उतर खाली."

शहादेवनं आपली वळकटी काखेत मारली. तो उतरायला लागला.

तेवढ्यात ट्रकवरून कावेरी म्हणाली, "पुरा लिवा."

"पुरा? बायकू कुटं हाय त्याची?"

"ती काय, दारात उबी हाय. आमच्या लेकरांच्या भाकरी कोन थापनार, तुमी? तिच्या वाटच्या मोळ्या आमी बायका बांदू. दोन-दोन मोळ्या जास्त, त्यात काय मरत न्हाई आमी. तुमी पुरा लिवा."

"लिवा पुरा!" मागच्या ट्रकवरूनही बायका ओरडल्या.

मुकादमानं यादीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, मान हलवली आणि लिहिलं. ट्रक सुरू झाले. सावित्रीबाईनं गाठोडं उचलून आत टाकलं, पदरानं तोंड पुसलं आणि सतरा लेकरांना दम दिला, "रडायचं नसतंय. हात धुवा."

तर बाबांनो, अशी मी. थंडी पडली की मला लावून घेतात, ऊन आलं की उघडतात. मला नव्यानं रंगवू नका, मी आहे ती बरी आहे. फक्त एक मागणं आहे. पुन्हा कधी कुणी मोजायला आलंच, तर या खोलीत या आणि सावित्रीबाईला विचारा, किती आहात. ती लेकरांपासून सुरुवात करते.